'पब्लिक' म्हणजे नेमके कोण?

इंग्रजीतले 'पब्लिक' हे विशेषण आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की ते वाचताना आपण थांबत नाही. पब्लिक सेक्टर, पब्लिक पॉलिसी, पब्लिक इंटरेस्ट, पब्लिक-प्रायव्हेट पार्टनरशिप. अर्थसंकल्पाच्या दुसऱ्या दिवशीचे कोणतेही इंग्रजी वर्तमानपत्र उघडा, हे विशेषण पानोपानी भेटते. मराठीत तर ते वेष बदलून येते. पब्लिक सर्व्हिस कमिशनचे 'लोकसेवा आयोग' होते, पब्लिक वर्क्सचे 'सार्वजनिक बांधकाम', पब्लिक प्रॉसिक्युटरचा 'सरकारी वकील', पब्लिक इंटरेस्ट लिटिगेशनची 'जनहित याचिका' आणि पब्लिक मीटिंगची 'जाहीर सभा'. लोक, सार्वजनिक, सरकारी, जन, जाहीर. पाच शब्द, पण मुळात एकच विशेषण. त्यामुळे या सगळ्यांतून जाणारा धागा मराठी वाचकाच्या नजरेला पडत नाही.

आम्हाला हा धागा महत्त्वाचा वाटतो, कारण या देशात अस्पृश्यांच्या हक्काचे पहिले कायदेशीर दार याच विशेषणाने उघडले. आणि आज आर्थिक लिखाणात याच विशेषणाचा अर्थ आपल्या डोळ्यांदेखत बदलला जातो आहे. आमचे म्हणणे एका वाक्यात सांगायचे तर असे: आपल्याकडून काही घ्यायचे असते तेव्हा 'पब्लिक' हा शब्द रुंद होतो, आणि आपल्याला काही द्यायचे असते तेव्हा तो अरुंद होतो. हे नुसते शब्दाचे भांडण नाही. यात पाणी, जमीन, शाळा आणि नोकरी आहे.

तळे कोणाचे, हा खटला

4 ऑगस्ट 1923 रोजी मुंबई कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले आणि चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्यांना वापरता यावेत, असा त्याचा आशय होता. या ठरावात 'अस्पृश्यांवर दया करा' असे म्हटलेले नाही. हिंदू धर्म काय सांगतो, याचीही चर्चा नाही. मुद्दा एवढाच की पैसा सार्वजनिक असेल तर वापरही सार्वजनिक असला पाहिजे. त्या एका विशेषणावर सगळा ठराव उभा आहे.

1924 मध्ये महाड नगरपालिकेने या ठरावाला धरून चवदार तळे खुले केले, पण कागदावरच. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी हजारो लोकांसह तळ्याचे पाणी घेतले तेव्हा तो कागद प्रत्यक्षात आला. पुढे काय झाले, हे आपल्या सभांमध्ये कमी सांगितले जाते. 4 ऑगस्ट 1927 रोजी, म्हणजे बोले ठरावाला नेमकी चार वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरमध्ये सवर्णांनी बाबासाहेब आणि त्यांच्या सहकाऱ्यांवर दिवाणी दावा लावला. दाव्यात काय होते? 'अस्पृश्य विटाळ करतात' एवढेच म्हणून ते थांबले नाहीत. तळे सार्वजनिक नाहीच, ते भोवतालच्या चौधऱ्यांच्या खाजगी मालकीचे आहे, असा त्यांचा दावा होता.

मित्रहो, हा डाव नीट समजून घ्या. सार्वजनिक ठिकाणी जात पाळणे कायद्यात बसत नाही असे दिसताच त्यांनी ठिकाणच खाजगी ठरवायला घेतले. खटला दहा वर्षे चालला. 17 मार्च 1937 रोजी मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला. तळे खाजगी असल्याचा दावा टिकला नाही, आणि अस्पृश्यांना बंदी करणारी अनादी काळापासूनची रूढीही सिद्ध झाली नाही. पाणी पिण्यासाठी बाबासाहेबांना दहा वर्षे एका विशेषणासाठी कोर्टात लढावे लागले.

'सार्वजनिक' या मराठी शब्दाची गोष्टही अशीच आहे. 1870 मध्ये पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली. तिच्यात सरदार, वकील आणि उच्चवर्णीय पुढारी होते. त्याच्या दोन वर्षे आधी, 1868 मध्ये, जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला होता. सभेचे नाव सार्वजनिक आणि माणसे निवडक. हौद खाजगी आणि पाणी सगळ्यांचे. म्हणून जोतीरावांनी आपल्या शेवटच्या ग्रंथाच्या नावात 'सार्वजनिक' हा शब्द घातला, तो आम्हाला सहज घातलेला वाटत नाही. सर्व जन म्हणजे खरोखर सर्व, असे त्यांना म्हणायचे होते.

29 नोव्हेंबर 1948

संविधान सभेत आजच्या कलम 15 वर, म्हणजे तेव्हाच्या मसुद्यातील कलम 9 वर, 29 नोव्हेंबर 1948 रोजी चर्चा झाली. या कलमाचा दुसरा भाग प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ असला पाहिजे: दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, करमणुकीची सार्वजनिक ठिकाणे, विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक वावराच्या जागा. चर्चेत विचारले गेले की 'सार्वजनिक वावराच्या जागा' यात स्मशानभूमी येते का. बाबासाहेबांच्या उत्तराचा आशय असा: शासनाच्या पैशातून पूर्णतः किंवा अंशतः चालणारी स्मशानभूमी असेल तर तिच्यावर प्रत्येकाचा हक्क आहे. पण जिथे नगरपालिकेची, लोकल बोर्डाची किंवा ग्रामपंचायतीची अशी स्मशानभूमीच नाही, तिथे कोणालाच हक्क सांगता येणार नाही, कारण हक्क सांगायला सार्वजनिक जागाच उरत नाही.

या उत्तराचा दुसरा अर्धा भाग आम्ही अभ्यासवर्गात फळ्यावर लिहून ठेवतो. जिथे सार्वजनिक काही नाही, तिथे मागायलाही काही नाही. 1991 नंतर आपल्या समाजाच्या वाट्याला जे आले, त्याचे वर्णन करायला याहून नेमके वाक्य आम्हाला सापडलेले नाही. संविधान बदलण्याची गरज नाही, कलम 15 आणि 16 जागच्या जागी राहू द्या. फक्त ज्यांना ती कलमे लागू होतात त्या जागा कमी करत चला.

आम्ही नाशिकचे. 2 मार्च 1930 रोजी काळाराम मंदिराच्या दाराशी सत्याग्रह सुरू झाला, तो जवळपास पाच वर्षे चालला. त्याची धुरा दादासाहेब गायकवाडांनी वाहिली. आम्हाला आज त्या मंदिरात जायची ओढ नाही. 13 ऑक्टोबर 1935 च्या येवल्याच्या घोषणेने तो रस्ता संपवला आणि 1956 ला आमचा धम्माचा रस्ता सुरू झाला. पण संविधानाच्या कलम 25 मध्ये, 'सार्वजनिक स्वरूपाच्या' हिंदू धार्मिक संस्था सर्व वर्गांना खुल्या करण्याचा अधिकार राज्याला दिलेला आहे. तिथेही तेच विशेषण. देवाचे दारसुद्धा 'पब्लिक' असल्याशिवाय कायद्याने उघडता येत नाही.

जी आधीच जनतेची होती, ती 'पब्लिक' कशी झाली?

आता अर्थकारणाकडे येऊ. आमचे वडील नाशिकरोडच्या प्रेसमध्ये कामगार होते. नोटा आणि मुद्रांक छापणाऱ्या या सरकारी छापखान्यांनी आणि ओझरच्या विमान कारखान्याने नाशिक जिल्ह्यातल्या किती बौद्ध कुटुंबांना पहिला कायम पगार दिला, हे आपल्या वस्त्यांना विचारा. वडिलांच्या पगारावर आम्ही समाजशास्त्रात एम.ए. झालो. कलम 16 मधल्या 'पब्लिक एम्प्लॉयमेंट' या दोन शब्दांनी आमच्या घरात पंखा, पुस्तके आणि पिढीतली पहिली पदवी आणली. म्हणून या विशेषणाबद्दल आम्ही अलिप्तपणे लिहू शकत नाही.

आमच्या रविवारच्या अभ्यासवर्गात स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुले-मुली येतात. एका मुलीने सरावाच्या उत्तरात लिहिले होते, 'कंपनी पब्लिक झाली म्हणजे ती जनतेच्या मालकीची झाली.' चूक तिची नव्हती. ज्या इंग्रजी नोट्स ती वाचत होती, त्यांत 'गोइंग पब्लिक' असाच शब्दप्रयोग होता. आम्ही तिला दोन उदाहरणे दिली.

पहिले आपल्या जिल्ह्यातले. ओझरला 1964 पासून मिग विमानांसाठी कारखाना उभा राहिला. तो चालवणारी हिंदुस्थान एरोनॉटिक्स ही सरकारी मालकीची, म्हणजे 'पब्लिक सेक्टर' कंपनी. मार्च 2018 मध्ये सरकारने तिचे सुमारे दहा टक्के समभाग बाजारात विकले आणि आर्थिक पानांवर बातमी आली की कंपनी 'पब्लिक' होत आहे. दुसरे उदाहरण आयुर्विमा महामंडळाचे. 1 सप्टेंबर 1956 रोजी राष्ट्रीयीकरणातून जन्मलेली ही संस्था. मे 2022 मध्ये सरकारने तिचा साडेतीन टक्के वाटा विकून 20 हजार कोटींहून अधिक रुपये उभे केले, आणि पुन्हा तोच शब्द: एलआयसी 'पब्लिक' झाली.

मग 1956 ते 2022 ही सहासष्ट वर्षे ती कोणाची होती? सगळ्या नागरिकांची मालकी असते तेव्हा 'पब्लिक' म्हणजे नागरिक. आणि डिमॅट खाते असलेल्यांना तुकडा विकला जातो तेव्हा 'पब्लिक' म्हणजे गुंतवणूकदार. एकाच पानावर, एकाच विशेषणाचे हे दोन अर्थ परस्परांच्या विरुद्ध आहेत. मराठी वर्तमानपत्रे निदान 'समभाग विक्री' असे लिहितात. विक्रीला विक्री म्हणण्याचा हा प्रामाणिकपणा आपण सोडू नये.

या दोन्ही कंपन्यांत सरकारचा मोठा वाटा अजून आहे आणि आरक्षणही आहे. प्रश्न सीमा ओलांडल्यावरचा आहे. 2001 मध्ये बाल्को या सरकारी अॅल्युमिनियम कंपनीचे 51 टक्के समभाग खाजगी कंपनीला विकले गेले. कामगार सर्वोच्च न्यायालयात गेले. सरकारी कंपनीचे कर्मचारी म्हणून कलम 14 आणि 16 चे जे संरक्षण आहे ते आता जाईल, असे त्यांचे म्हणणे होते. 10 डिसेंबर 2001 च्या निकालात न्यायालयाने ते मान्य केले नाही. तेवढ्यावरून निर्गुंतवणूक रोखता येणार नाही, असे ठरले. जानेवारी 2022 मध्ये एअर इंडियाही गेली. कंपनी तीच, इमारत तीच, पण विशेषण बदलले की नव्या भरतीतली बिंदुनामावली संपते.

बाबासाहेबांनी 1947 मध्ये संविधान सभेसाठी 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हे निवेदन तयार केले. त्यात मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत आणि विमा हा राज्याचा एकाधिकार असावा, असे स्पष्ट मांडले आहे. विमासुद्धा! ज्यांना वाटते की आंबेडकरी चळवळीने फक्त सामाजिक प्रश्न बघावेत आणि अर्थकारण तज्ज्ञांवर सोडावे, त्यांनी ते निवेदन एकदा वाचावे.

घेताना रुंद, देताना अरुंद

आता पुन्हा आमच्या मूळ मुद्द्याकडे. जमिनीपासून सुरुवात करू. भूसंपादनाच्या 1894 च्या कायद्यातला परवलीचा शब्द होता 'पब्लिक पर्पज', सार्वजनिक प्रयोजन. हा शब्द इतका रुंद झाला की त्यात खाजगी कंपनीचा कारखानाही मावला. 2013 च्या कायद्याने थोडा लगाम घातला: खाजगी कंपनीसाठी 80 टक्के आणि भागीदारी प्रकल्पासाठी 70 टक्के बाधित कुटुंबांची संमती आवश्यक ठरली. पण ज्याच्या नावावर सातबारा नाही, त्या शेतमजुराची संमती कोण विचारतो?

1959 ला आणि पुन्हा 1964 च्या 6 डिसेंबरपासून दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचे सत्याग्रह केले. राज्यभरातून माणसे, बायाबापड्या तुरुंगात गेल्या. पडीक सरकारी जमीन कसणाऱ्याला द्या, ही मागणी होती. आज त्याच गायरानावर पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्या आपल्या माणसाला नोटीस येते ती 'सार्वजनिक जमिनीवरील अतिक्रमण' या शब्दांत. म्हणजे हा माणूस 'पब्लिक' नाही, पब्लिकच्या वाटेतला अडथळा आहे. जगपाल सिंग प्रकरणात 28 जानेवारी 2011 रोजी सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे काढायला सांगितली. मात्र शासकीय अधिसूचनेने भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना पट्टा दिलेला असेल, तर अपवाद म्हणून नियमित करता येईल असेही त्याच निकालात आहे. नोटीस काढणारे निकालाचा पहिला भाग सांगतात. दुसरा भाग सांगणे हे आपले काम आहे.

आता देण्याच्या वेळी पाहा. अॅट्रॉसिटी कायद्यात जातीवाचक अपमान गुन्हा ठरण्यासाठी तो 'पब्लिक व्ह्यू'मध्ये, लोकांच्या नजरेसमोर झालेला असावा लागतो. 2020 च्या हितेश वर्मा निकालात, घराच्या चार भिंतींच्या आत, बाहेरचे कोणी हजर नसताना झालेला अपमान त्यात बसत नाही, असे म्हटले गेले. इथे 'पब्लिक' एका खोलीएवढे अरुंद झाले. माहिती अधिकार कायदा 2005 चा आहे आणि तो 'पब्लिक ऑथॉरिटी'ला लागू होतो. पीएम केअर्स निधी मार्च 2020 मध्ये 'पब्लिक चॅरिटेबल ट्रस्ट' म्हणून नोंदला गेला. पण माहिती मागितली तेव्हा उत्तर आले की ही 'पब्लिक ऑथॉरिटी' नाही. देणगी घेताना पब्लिक, हिशेब देताना पब्लिक नाही. एका माणसाने एका दिवसात दोन जाती सांगाव्यात तसे हे झाले.

शाळेचेही तेच. बोल्यांच्या ठरावातली 'पब्लिक स्कूल' म्हणजे सरकारी शाळा. आज नाशिकच्या कोणत्याही उपनगरात 'पब्लिक स्कूल' अशी पाटी दिसली की समजायचे, ही खाजगी आहे आणि फी आपल्या आवाक्याबाहेर आहे. आम्ही एकदा धुणीभांडी करणाऱ्या एका माउलीबरोबर अशाच एका शाळेत गेलो होतो. आरटीईच्या सोडतीत तिच्या मुलाचा नंबर लागला होता. आम्हाला फाटकाबाहेर तासभर उभे केले, आणि मग पुस्तके, गणवेश आणि 'उपक्रम' यांच्या नावाने आकडा सांगितला. ती म्हणाली, "ताई, मोफत म्हनले व्हते ना?" फाटकावर मोठ्या अक्षरांत 'पब्लिक' लिहिलेले होते.

फेब्रुवारी 2024 मध्ये राज्य सरकारने नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळांना 25 टक्के जागांतून सूट दिली होती. 19 जुलै 2024 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. लढले की मिळते, हे खरे. पण प्रत्येक वेळी कोर्टात जाऊनच आपण 'पब्लिक' असल्याचे सिद्ध करायचे, हेही तितकेच खरे.

'सरकारी तरी कुठे धड आहे?'

आपल्यातलेच काही तरुण विचारतात, सरकारी शाळा ओस पडल्या, सरकारी दवाखान्यात औषध नाही, सरकारी साहेबही जात बघतोच. मग त्याचे गोडवे कशाला? उलट आपणच उद्योजक व्हावे. उद्योजक जरूर व्हावे, त्याला आमचा विरोध नाही. पण पहिल्या प्रश्नाचे उत्तर दिले पाहिजे.

सरकारी साहेब जात बघतो, हे आम्ही रोज अनुभवतो. फरक एवढाच की तिथे त्याला जाब विचारायला जागा आहे. बिंदुनामावली मागता येते, माहिती अधिकारात अर्ज टाकता येतो, अनुसूचित जाती आयोगाकडे जाता येते, रिट दाखल करता येते. ठेकेदाराच्या ऑफिसात यातले काय करणार? आपल्या शहराची सिटीलिंक बस महापालिकेची, रस्ता महापालिकेचा, तोटा करदात्यांचा. पण चालक-वाहक ठेकेदाराचे. सफाईच्या ठेक्यांतही तेच. तिथे झाडू आपल्याच माणसाच्या हातात राहतो, फक्त कायमपणा, भविष्य निर्वाह निधी आणि साहेबाला प्रश्न विचारायची हिंमत जाते. सार्वजनिक संस्था वाईट चालते म्हणून ती विकायची असेल, तर चवदार तळ्याचे पाणी गढूळ आहे म्हणून ते चौधऱ्यांच्या नावे करून देण्यासारखेच ते आहे. पाणी स्वच्छ करा, सातबारा बदलू नका.

म्हणून अभ्यासवर्गांना आमची एक सूचना आहे. यापुढे इंग्रजी अग्रलेख, अर्थसंकल्पाचे भाषण, शासन निर्णय किंवा प्रकल्पाची जाहिरात वाचताना 'पब्लिक' हा शब्द दिसला की पेन्सिलने खूण करा आणि समासात तीन उत्तरे लिहा. पैसा कोणाचा? दार कोणाला उघडे? जाब कोणाला विचारायचा? तिन्ही उत्तरे 'सगळ्यांचा, सगळ्यांना, सगळ्यांना विचारता येईल अशा अधिकाऱ्याला' अशी आली, तर तो शब्द खरा. पैसा सगळ्यांचा पण दार निवडकांना, किंवा दार उघडे पण जबाबदार कोणीच नाही, असे निघाले तर तिथे एक नवे चवदार तळे आहे असे समजा आणि कामाला लागा.

ही यादी करायला पैसा लागत नाही आणि परवानगीही लागत नाही. आपापल्या तालुक्यात करा: कोणत्या शाळेला शासनाने जमीन दिली, कोणत्या दवाखान्याला करात सूट मिळाली, कोणत्या स्मशानभूमीवर ग्रामपंचायतीचा पैसा खर्च झाला. 'पूर्णतः किंवा अंशतः' हे शब्द संविधानात आहेत. शासनाचा एक रुपया जरी त्या जागेत असेल, तरी कलम 15 घेऊन आपण तिथे जाऊ शकतो. मार्चमध्ये महाडला जाल तेव्हा ती यादी बरोबर घेऊन या.

जय भीम.